करंट गेल्यावर

१२ जानेवारी

दादा,

अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला टाकलं नसशील, एवढं धरून लिहिते आहे. पत्ता यार्डातल्या वेल्डरकाकांनी दिला. आधी म्हणाले, "त्याने बजावलंय, घरी देऊ नका म्हणून." मग मी बाबांचं सांगितलं, तेव्हा त्यांनीच कागद मागून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस.

बाबांचा उजवा हात गेला. मनगटाच्या वरून कापावा लागला. जखम भरते आहे, ताप उतरला आहे, जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात.

तू गेल्यानंतरचं तुला काही माहीत नसेल. भंगाराचं यार्ड बंद पडलं. चुंबकाची क्रेन विकली, तुझी ती केबिनसुद्धा कापून वजनावर गेली. बाबा वर्षभर घरात बसून होते. बसून म्हणजे, दिवसातून चार वेळा नळाचा वॉशर बदलत होते. डिग्रीनंतर मी एक वर्षाचा कोर्स केला होता आणि इथल्या हॉस्पिटलात स्कॅनच्या खोलीवर लागले होते. आत मोठं चुंबक असलेलं यंत्र असतं, पेशंटला त्याच्या बोगद्यात झोपवून शरीराचे फोटो घेतात. मी रदबदली करून बाबांना तिथेच अटेंडंट म्हणून लावलं. वॉर्डातून पेशंट आणायचे आणि परत न्यायचे, एवढंच काम.

त्यांना ते आवडलं होतं, दादा. ड्यूटीवर मला "मॅडम" म्हणायचे, तेही सलाम ठोकून. "मॅडम, पेशंट आणलाय. रडका आहे, सांभाळा." मी डोळे वटारले की आणखी वाकून सलाम.

त्या दिवशी त्यांचा हात यंत्र आणि लोखंडी सिलिंडर यांच्यामध्ये सापडला. तू क्रेनवर बसलेला माणूस आहेस. चुंबकाने लोखंड ओढलं की मधे काय उरतं, ते तुला वेगळं सांगायला नको.

आता कामाचं. अठरा फेब्रुवारीला चौकशी आहे. हॉस्पिटलचं म्हणणं, बाबांनी निष्काळजीपणा केला. यार्डात चुंबकाखाली जाण्याआधी बाबा काय करायचे, ते त्या समितीपुढे सांगणारं कोणीतरी हवं. वेल्डरकाकांना कचेरी म्हटलं की घाम फुटतो. तू वर होतास, बाबा खाली. तुझ्याइतकं ते कोणी पाहिलेलं नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस. कॉलेजला कोणी जायचं आणि क्रेनवर कोणी बसायचं, हे त्या घरात ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. पण गेले मीच, हेही खरं. ते सगळं माझ्या नावावर ठेव आणि फक्त एका दिवसासाठी ये.

तुझी धाकटी

३० जानेवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. मी ते बाबांच्या हातात दिलं. डाव्या हाताने उलटंसुलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मग म्हणाले, "एक ओळ. पाच वर्षांनी एक ओळ. आणि तीसुद्धा प्रश्न." पण कार्ड परत दिलं नाही. उशीखाली आहे.

तू विचारलंस, करंट गेल्यावर चुंबक धरून कसं राहिलं? म्हणजे वेल्डरकाकांनी तुला त्या दिवशी लाइट गेल्याचं सांगितलेलं दिसतं. मी लिहिलं नव्हतं. आणखीही एक गोष्ट लिहिली नव्हती. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, मला तेवढंच नीट देता येतं.

तुला आठवतं का, तू मोठ्या खिळ्याला तांब्याची तार गुंडाळली होतीस? टोकं सेलला लावली आणि खिळ्याने आईच्या डब्यातल्या सगळ्या टाचण्या उचलल्या. सेल काढला की टाचण्या टपटप खाली. मी टाळ्या वाजवल्या, तू म्हणालास, "यात जादू काही नाही. तारेतून करंट वाहतो तोवर खिळा चुंबक. करंट थांबला की पुन्हा नुसता खिळा." पुढे पुस्तकात हेच वाचलं. यार्डातली क्रेनला लटकणारी ती चुंबकाची थाळी म्हणजे तुझा खिळाच, फक्त चार माणसं मावतील एवढा. स्विच पाडला की सगळं भंगार खाली. एखाददुसरा तुकडा चिकटून राहायचा, कारण करंट गेल्यावरही लोखंडात थोडा चुंबकपणा उरतो. तू उलटा करंट देऊन तो झटकायचास. आणि बाबा तेवढ्यावरही विश्वास ठेवायचे नाहीत. थाळीची गुणगुण थांबली, तुझा हात वर झाला, तरी खिशातून दोऱ्याला बांधलेला नट काढायचे, थाळीच्या दिशेने धरायचे, आणि तो सरळ लोंबतोय हे पाहूनच पाऊल टाकायचे. बाकीचे हसायचे. "म्हातारा नाडी बघतोय चुंबकाची," म्हणायचे.

स्कॅनचं चुंबकही तारेच्या वेटोळ्याचंच असतं. पण ती तार वेगळ्या धातूची. तिला द्रवरूप हेलियममध्ये बुडवून इतकं थंड ठेवलेलं असतं की तिच्यात करंटला विरोधच उरत नाही. साध्या तारेत करंट घासत, तापत जातो, म्हणून त्याला मागून सतत ढकलावं लागतं. इथे एकदा वेटोळ्यात फिरवून दिला, टोकं आतल्या आत जोडली की तो फिरत राहतो. मागून ढकलायला कोणी लागत नाही. बाहेरची वीज काढून घ्या, दिवे घालवा, कुलूप लावून महिनाभर निघून जा. तो फिरतोच आहे. यंत्र बसवलं त्या दिवसापासून हे चुंबक चालू होतं आणि त्याला रात्रंदिवस काही नव्हतं.

आता त्या दिवसाचं.

आत एक बाई होत्या. शिवणकाम करायच्या, मान आखडली म्हणून स्कॅनला आल्या होत्या. दम्याचा त्रास होता. वीज गेली. जनरेटर लागला नाही. यंत्राची ठोकठोक थांबली. मागे एक पंप अखंड चिकचिक करत असतो, आमच्या कानांना तो ऐकूही येत नाही, तोही थांबला. अंधारात बाई घाबरल्या, त्यांना दम लागला. मी दार उघडून आत गेले आणि हाताने टेबल बाहेर ओढू लागले. ते अडकत होतं. मी ओरडले, "कोणीतरी डॉक्टरांना बोलवा!"

बाबा बाहेरच होते. त्यांनी पोरीला अंधारात धडपडताना पाहिलं आणि एका बाईची घरघर ऐकली. कॉरिडॉरमध्ये वॉर्डाचं ऑक्सिजन सिलिंडर उभं होतं, लोखंडी. ते त्यांनी उचललं. दिवे गेलेले, आवाज बंद, करंट नाही. तीस वर्षांचा अनुभव सांगत होता की चुंबक मेलेलं आहे.

दारातून दोन पावलं आत आल्यावर सिलिंडर त्यांच्या हातून सुटलं. सुटलं म्हणणं बरोबर नाही. त्यांनी सोडलंच नाही, म्हणून तर हात गेला. ते त्यांना घेऊन गेलं. बाईंचं डोकं नुकतंच बोगद्यातून बाहेर आलं होतं.

भिंतीवर लाल बटण असतं. ते दाबलं की हेलियम उकळून छतावरच्या नळीतून निघून जातो आणि तेव्हाच चुंबक खरोखर मरतं. मी ते दाबलं. बाबांचा हात मोकळा झाला. बाईंना त्याचा काही उपयोग नव्हता, त्या जागीच गेल्या होत्या.

दोन आठवड्यांत कंपनीची माणसं आली, नवा हेलियम भरला, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. त्या बाईंनी शिवायला घेतलेले कपडे अजून लोक घरून परत नेत होते.

तू अजून येणार की नाही ते लिहिलं नाहीस.

धाकटी

१४ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही, म्हणजे येत नाहीस असं समजते.

इथे काय चाललंय ते तरी ऐक. बाबांनी पोलिसांना जबाब दिला आहे: "पोरीने मला सगळं समजावलं होतं. चुंबक कधीच बंद नसतं, हे सांगितलं होतं. मीच विसरलो." आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

कोणीही सांगितलं नव्हतं. अटेंडंटांना प्रशिक्षण द्या, सिलिंडर या कॉरिडॉरमध्ये ठेवू नका, असं मी प्रशासक साहेबांना दोनदा बोलले होते. "घेऊ एकदा सगळ्यांचं एकत्र," म्हणाले. ते एकदा कधी आलं नाही. आणि मी? बाबा रोज दारात यायचे, मी ट्रे पुढे करायचे, ते नट त्यात ठेवायचे. "घ्या मॅडम, आमची इस्टेट." लोखंड आत न्यायचं नाही हा नियम आहे, एवढंच मी म्हणाले होते. का, ते सांगितलं नाही. दादा, मला ते सुचलंच नाही. ज्या माणसाने जन्मभर चुंबकाखाली काम केलं, त्याला चुंबकाबद्दल मी काय शिकवणार, असं वाटलं. उलट लाज वाटली असती. त्या दिवशीही तो नट ट्रेमध्येच होता. खिशात असता तर बाबांनी दारातच त्याची नाडी पाहिली असती, की सिलिंडरच्या घाईत तेही विसरले असते, याचा विचार मी करायचा नाही असं ठरवलं आहे. रोज ठरवते.

प्रशासक साहेबांनी मला बोलावलं होतं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "तुझे वडील मोठ्या मनाचे आहेत. त्यांनी स्वतःच मान्य केलंय. आता तू फक्त लिहून दे की प्रशिक्षण दिलं होतं. तुझी नोकरी राहील. वयस्कर माणूस आहे, हात गेलाय, कोर्टही सांभाळून घेतं."

मी विचारलं, "आणि कॉरिडॉरमधलं सिलिंडर?"

"आता तिथे आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते ताट मांडीवर घेऊन डाव्या हाताने जेवायची सवय करत होते, निम्मं अंगावर सांडत होतं. म्हणाले, "दे ना लिहून. अडचण काय आहे?"

"ते खोटं आहे."

"माझा हात खरा गेला, मला माहितीये. उगाच हरिश्चंद्र होऊ नकोस."

"उद्या दुसरा अटेंडंट आत गेला तर? त्यालाही कोणी सांगितलेलं नाही अजून."

"त्याची पोरगी बघून घेईल."

"बाबा!"

त्यांनी ताट खाली ठेवलं. "हे बघ. एका पोराला मी क्रेनवर बसवलं. का, तर दुसरं शिकावं म्हणून. ते पोर तोंड फिरवून गेलं. भिंतीवर तुझी ती डिग्री लावलीये ना, ती निम्मी त्याची आहे आणि निम्मी माझी. तुझी फक्त फ्रेम आहे. नोकरी गेली तर मी हे सगळं कशासाठी केलं, सांग. त्याला काय तोंड दाखवू?"

मी सांडलेलं पुसायला घेतलं. शिकलेली मुलगी म्हणजे जिला सगळं बोलता येतं, असं त्यांना वाटत असावं.

एक माणूस रोज हॉस्पिटलात येऊन बसतो. त्या बाईंचा नवरा. चष्मे दुरुस्त करतो, लहानशी टपरी आहे त्याची. भांडत नाही, ओरडत नाही. माझ्यासारखं कोणी समोरून गेलं की उठून एकच विचारतो, "ताई, हे ओढतं, हे कोणाला माहीत होतं?" सगळे त्याला म्हणतात, चौकशी चालू आहे. मीही तेच म्हणाले. त्यानंतर मी मागच्या जिन्याने जाते.

बाबांचं बरोबर आहे का रे? तू त्यांच्यावर इतका रागावलेला आहेस, निदान तू तरी त्यांच्या बाजूने बोलणार नाहीस, म्हणून तुला विचारते आहे. अठरा तारखेच्या आत उत्तर पोचणार नाही, हे मला कळतं.

धाकटी

९ मार्च

दादा,

चौकशी झाली. तुझी जागा रिकामी होती, म्हणून मी नट नेला.

समितीत तिघे होते. एक निवृत्त न्यायाधीश, एक मोठे डॉक्टर, एक कारखान्यांचे निरीक्षक. प्रशासक साहेब बाजूला बसले होते, आणि मागच्या बाकावर त्या बाईंचा नवरा, ते चष्मेवाले. बाबांनी पोलिसांना दिलेला जबाब तसाच पुन्हा दिला, शब्दही इकडचा तिकडे नाही. पाठ केला होता. शेवटी न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, पोरीची यात काही चूक नाही. ती फार हुशार आहे."

मग मला उभं केलं. मी म्हणाले, "साहेब, आधी सगळ्यांनी स्कॅनच्या खोलीपर्यंत चला. मग बोलते."

दारात मी ट्रे धरला. घड्याळं, किल्ल्या, फोन, न्यायाधीशांची काठी, सगळं काढून घेतलं. वायरमनला आधीच सांगून ठेवलं होतं, त्याने त्या भागाचा मेन पाडला. दिवे गेले. चिकचिक थांबली. एक खिडकी आहे लांब, तिच्यातून थोडा उजेड येत होता. सगळे एकदम हळू बोलायला लागले, अंधारात बोलतात तसे.

मी विचारलं, "साहेब, चुंबक आता चालू आहे की बंद?"

डॉक्टर म्हणाले, "बंदच असणार."

प्रशासक साहेब कंटाळून म्हणाले, "अहो, मेन पाडलाय, चालू कसं राहील? मुद्द्यावर या."

मी नटाचा दोरा मुठीला घट्ट गुंडाळला आणि दोन पावलं आत जाऊन हात पुढे केला. नट लोंबला नाही. आधी तिरका झाला, मग आणखी तिरका. मी अर्धं पाऊल पुढे सरकले तर तो दोरा ताणून आडवा झाला, अंधारात बोगद्याकडे नाक करून थरथरत राहिला. माझ्या बोटांत दोरा रुतला.

"हे मी वडिलांना सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "त्यांनी खोटा जबाब दिलाय, मला वाचवायला. प्रशासक साहेबांनीही सांगितलं नव्हतं. यांना स्वतःलाच आता कळलं."

मागे वळले तेव्हा बाबा भिंतीला टेकून उभे होते. ते नटाकडे पाहत होते. मी इतका वेळ समितीचा विचार केला, प्रशासकांचा केला, त्या चष्मेवाल्यांचा केला. बाबाही ते पहिल्यांदाच पाहणार आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा नट, त्याच गाठीचा दोरा. तोवर ते मनात कुठेतरी धरून असतील की त्या दिवशी काहीतरी विपरीत झालं असेल, करंट मधेच परत आला असेल, नाहीतर नशीब. आता त्यांना दिसलं.

बाहेर आल्यावर चष्मेवाले माझ्यापाशी आले. म्हणाले, "बघू?" मी नट दिला. त्यांनी तो तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, कामातला जिन्नस तपासावा तसा. "माझ्याकडे स्क्रू असतात, याच्या दहाव्या हिश्श्याचे. खाली पडले की मी चुंबक फिरवतो, येतात आपोआप." मग म्हणाले, "एवढंच दाखवायचं होतं होय कोणीतरी." आणि नट परत देऊन ट्रेमधून आपल्या किल्ल्या शोधू लागले. त्यानंतर ते हॉस्पिटलात आलेले नाहीत.

निकाल असा: प्रशिक्षण दिलं नव्हतं, सिलिंडर तिथे असायला नको होतं, प्रशासकांवर खटला. माझी नोकरी गेली. खोलीची जबाबदारी माझी होती, आणि ते बरोबरच आहे. बाबांना खोट्या जबाबाबद्दल समज दिली आणि कामावरून काढलं. हॉस्पिटलात आता प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोऱ्याला नट बांधून दाखवतात म्हणे. वायरमनने सांगितलं. मला बरं वाटेल म्हणून सांगितलं असावं.

मी मुलांच्या शिकवण्या घेते आहे. खिळा, तार, सेल. सेल काढल्यावर टाचण्या पडतात तेव्हा सगळी हसतात. मी प्रत्येक वेळी त्यांना सांगते की सगळी चुंबकं अशी नसतात. त्यांना ते परीक्षेला नाही, म्हणून ती लिहून घेत नाहीत.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. चौकशीच्या दिवसापासून नाही. शेजारच्या काकूंमार्फत निरोप येतात: "तिला सांगा, दूध उतू जाईल." मी तिथेच उभी असते. मी त्यांचं म्हणणं सगळ्यांसमोर खोटं पाडलं. एक हात गमावून त्यांनी मला एकच गोष्ट द्यायचं ठरवलं होतं, ती मी घेतली नाही. दादा, पुन्हा तसा दिवस आला तरी मी तेच करीन. आणि तरी रोज सकाळी उठून त्यांच्या तोंडाकडे बघते.

नट त्यांनी काकूंकरवी परत मागून घेतला. दोरा जीर्ण झाला होता, नवा बांधला, एका हाताने आणि दातांनी. मला मदत करू दिली नाही.

काल संध्याकाळी घरातली वीज गेली. मी स्वयंपाकघरात होते, ते बाहेरून येत होते. पावलं उंबऱ्याशी थांबली. बराच वेळ आत आले नाहीत म्हणून मी पाहायला गेले, तर दारात उभे. डावा हात पुढे, बोटांना दोरा, दोऱ्याला नट. आमच्या त्या एवढ्याशा खोलीच्या दिशेने धरलेला. तो अगदी सरळ लोंबत होता, तरी ते पाऊल टाकत नव्हते.

मी म्हणाले, "बाबा, इथे काही नाही. या, पुढे या."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"आत्ता सांगतेस?"

मग त्यांनी नट खिशात टाकला, आणि कापलेल्या हाताने भिंत चाचपत आत गेले.

धाकटी